पुन्हा सुरू करताना

रसायनीच्या एखाद्या रासायनिक कारखान्यात वीस-पंचवीस वर्षं शिफ्टमध्ये काढलेल्या ऑपरेटरला विचारलं, की सगळ्यात डोळ्यांत तेल घालून उभं राहावं लागतं ती वेळ कोणती, तर ‘प्लँट फुल लोडवर असताना’ असं उत्तर मिळत नाही. तो म्हणतो, स्टार्ट-अपच्या वेळी. नीट चाललेल्या प्लँटमध्ये तापमान, दाब, प्रवाह आपापल्या जागी बसलेले असतात. बंद प्लँटमध्ये काही हलतच नाही. धोका मधल्या तासांत असतो. रिअॅक्टर थंड, लाइनी अर्ध्या भरलेल्या, कुठला व्हॉल्व्ह शेवटी कुणी फिरवला याची खातरजमा व्हायची, आणि वरून ‘उत्पादन कधी सुरू?’ असे फोन. रासायनिक अपघातांचा अभ्यास करणारेही हेच सांगतात. कारखाना बंद करण्यात आणि सुरू करण्यात वर्षातला अगदी थोडा वेळ जातो, पण अपघातांचा मोठा वाटा त्याच वेळात येतो.

रसायनीजवळून वाहणाऱ्या पाताळगंगेच्या काठाने हे फार मोठ्या प्रमाणावर पाहिलं आहे. २४ जुलै १९८९ला नदीचा पूर रिलायन्सच्या पाताळगंगा संकुलात शिरला आणि सगळा कारखाना जागच्या जागी थांबला. पुन्हा उभं राहायला कित्येक महिने लागतील, असा तज्ज्ञांचा अंदाज होता. प्रत्यक्षात काही आठवड्यांत उत्पादन सुरू झालं. पुराच्या गोष्टीत लोकांच्या लक्षात पाणी राहतं. जाणकार मात्र त्यानंतरच्या आठवड्यांबद्दल विचारतात: आधी काय सुरू केलं, कशाला हात लावला नाही, कुणी थांबवून धरलं.

मोबाइलच्या जाळ्यालाही असं स्टार्ट-अप असतं. जगातले गेल्या काही वर्षांतले मोठे मोबाइल-बंद पाहिले, तर बिघाड थोड्या वेळाचा आणि सावरणं त्याच्या कितीतरी पट लांबलेलं, असं पुन्हा पुन्हा दिसतं. हे असं का होतं, ते समजून घ्यायचं तर आधी जाळ्याच्या मुळाशी असलेल्या नोंदवहीपर्यंत जावं लागेल.

प्रत्येक मोबाइल कंपनीकडे ग्राहकांचा एक मध्यवर्ती डेटाबेस असतो. टूजी-थ्रीजीच्या काळात त्याला एचएलआर म्हणत, फोरजीत एचएसएस म्हणतात, फाइव्हजीत यूडीएम. गावच्या जमिनीला जसा सातबारा, तसा प्रत्येक सिमकार्डाचा एक उतारा इथे असतो: हा ग्राहक कोण, त्याला कोणकोणत्या सेवा दिल्या आहेत, आणि या घडीला त्याचा फोन कुठल्या भागात आहे. तलाठ्याकडे एका जमिनीचा फेरफार क्वचित होतो. इथे एका फोनचे फेरफार दिवसभर चालू असतात. सकाळी रसायनी स्टेशनवर गाडी पकडून सोमटण्यामार्गे पनवेलला निघालेल्या माणसाचा खिशातला फोन कुणाला न सांगता आपली हजेरी बदलत जातो. माणूस एका जागी बसून राहिला, तरी फोन ठरावीक वेळाने ‘मी अजून इथेच आहे’ असं कळवतो. त्या नोंदीवरूनच कुणी फोन लावला की तो मोहोपाड्यात वाजवायचा की पनवेलात, हे जाळ्याला कळतं.

त्या उताऱ्यात आणखी एक गोष्ट असते, ती सगळ्यात मोलाची. सिमकार्डात १२८ बिटांची एक गुप्त किल्ली कोरलेली असते आणि तिची जुळी प्रत फक्त या डेटाबेसकडे असते. ही किल्ली हवेतून कधीच पाठवली जात नाही. डेटाबेसच्या बाजूने एक यादृच्छिक आकडा सुटतो, सिमकार्ड किल्ली वापरून त्याचं गणित करतं आणि उत्तर परत पाठवतं. दोन्हीकडची उत्तरं जुळली तरच फोनला आत घेतलं जातं. म्हणून डेटाबेस गप्प झाला, तर टॉवर उभा आहे, वीज आहे, केबल शाबूत आहे, तरी फोनला सेवा मिळत नाही. जे फोन आधीच आत आहेत ते काही काळ चालत राहतात. नव्याने चालू केलेले, विमानातून उतरलेले, बोगद्यातून बाहेर आलेले फोन मात्र दारातच अडतात. त्यामुळे पहिल्या काही मिनिटांत तक्रारी थोड्याच येतात, आणि नेमकी तीच मिनिटं सगळ्यात उपयोगाची असतात.

इतकी महत्त्वाची वही एकाच ठिकाणी ठेवणं परवडणारं नसतं. एकाच जागेवर अवलंबून राहण्यातली अडचण रसायनीला वेगळी सांगायला नको. २०१७मध्ये केंद्र सरकारने हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सचा इथला कारखाना बंद करायचं ठरवलं, तेव्हा नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा प्लँट तेवढा वगळावा लागला. रॉकेटच्या इंजिनाला लागणारा हा ऑक्सिडायझर देशात इस्रोला पुरवणारा तो एकच कारखाना होता. टेलिकॉमवाले म्हणून डेटाबेसच्या प्रती करतात. एकाच इमारतीत दोन किंवा अधिक सर्व्हर, आणि शेकडो किलोमीटर दूर दुसऱ्या शहरात तसाच दुसरा संच. इमारतीही तशाच निवडल्या जातात. पनवेलकडून जुन्या मुंबई–पुणे रस्त्याने येताना रसायनीच्या अलीकडे भोकरपाड्याला २०२०मध्ये सुरू झालेलं योट्टाचं ‘एनएम वन’ डेटा सेंटर आहे: ७,२०० रॅकची क्षमता, ५० मेगावॉट वीज आणि अपटाइम इन्स्टिट्यूटचं टियर फोर मानांकन. टियर फोर म्हणजे वीज किंवा कूलिंगच्या व्यवस्थेतला कुठलाही एक भाग निकामी झाला, तरी आतल्या सर्व्हरना त्याची झळ लागता कामा नये. पण इमारत कितीही भक्कम असली, तरी आतल्या दोन प्रतींचं आपसांत जमलं पाहिजे, आणि खरी गुंतागुंत तिथेच आहे.

वेगासाठी हा डेटा सर्व्हरच्या मेमरीत ठेवतात, डिस्कवर फक्त त्याची राखीव प्रत असते. एका प्रतीत बदल झाला की तो तत्क्षणी दुसरीतही व्हावा लागतो. दोन्ही सर्व्हर एकमेकांना सेकंदागणिक ‘जिवंत आहे’ असा संदेश पाठवत राहतात. त्याला हार्टबीट म्हणतात. हार्टबीट चुकला, तर उरलेला सर्व्हर समजतो की जोडीदार गेला, आता सगळा भार माझ्यावर. पण जोडीदार गेलेला नसेल आणि फक्त दोघांमधली तार तुटली असेल, तर? मग दोघंही स्वतःला मुख्य समजतात, दोघंही नोंदी फिरवायला लागतात, आणि एकाच ग्राहकाचे दोन वेगळे उतारे तयार होतात. याला ‘स्प्लिट ब्रेन’ म्हणतात. डेटाबेस बंद पडण्यापेक्षा ही अवस्था वाईट, कारण बंद वही पुन्हा उघडता येते. दोन खऱ्या वाटणाऱ्या वह्या जुळवायला मात्र रात्रीच्या रात्री जातात. त्यावर उपाय म्हणून तिसरा पंच नेमतात. ज्याच्या बाजूने पंच उभा, तो सर्व्हर चालू राहतो, आणि दुसरा स्वतःहून बंद होतो. एरिक्सनमध्ये नव्वदच्या दशकात मिकाएल रॉनस्ट्रॉम यांनी खास टेलिकॉमसाठी बांधायला घेतलेला ‘एनडीबी क्लस्टर’ हा डेटाबेस याच तत्त्वावर चालतो. पुढे तो मायएसक्यूएलने घेतला.

आता रात्रीची वेळ धरू. कंपनीच्या नेटवर्क ऑपरेशन सेंटरमध्ये, म्हणजे नॉकमध्ये, भिंतीभर स्क्रीन आहेत. दोन वाजून चौदा मिनिटांनी यादीत एक नारिंगी ओळ चढते: डेटाबेस नोड दोन, हार्टबीट चुकला. सहा सेकंदांनी लाल ओळ: नोड दोन उपलब्ध नाही. लगेच पिवळ्या ओळींची रांग: अमुक एमएमईचं (म्हणजे फोनची नोंदणी हाताळणाऱ्या सर्व्हरचं) डेटाबेसशी कनेक्शन तुटलं, तमुकचं तुटलं. रंग मनाने दिलेले नसतात, ते तीव्रतेनुसार असतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने ‘एक्स ७३३’ या मानकात अलार्मची तीव्रता ठरवून दिली आहे: क्रिटिकल, मेजर, मायनर, वॉर्निंग, आणि बिघाड निवळला की क्लिअर्ड. शिफ्टवरचा इंजिनिअर लाल ओळ ‘अॅक्नॉलेज’ करतो. त्याने आवाज थांबतो, बिघाड थांबत नाही. त्या बटणाचा अर्थ इतकाच की हे मी पाहिलं आहे आणि आता हे माझं काम आहे.

ओळी किती येतात, यावर पुढचं बरंच ठरतं. २४ जुलै १९९४ला वेल्समधल्या मिलफर्ड हेवन इथल्या टेक्साको रिफायनरीत स्फोट झाला. चौकशीत निघालं, की शेवटच्या साधारण अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले होते. त्यांतला महत्त्वाचा कुठला, हे पाहायला माणसाला उसंतच नव्हती. त्या अहवालानंतर अलार्मची संख्या, क्रम आणि गरज हा प्रक्रिया उद्योगात स्वतंत्र अभ्यासाचा विषय झाला. टेलिकॉमच्या नॉकमध्येही आज चांगलं सॉफ्टवेअर तेच मानलं जातं, जे शंभर पिवळ्या ओळी एका लाल ओळीखाली गोळा करून दाखवतं आणि म्हणतं, मूळ हे आहे, बाकी याची पिल्लं.

लाल ओळ हाती आल्यावर अनुभवी माणूस आधी सर्व्हरकडे धावत नाही. तो आधी ग्राहकाकडे बघतो: नोंदणीच्या शंभर विनंत्यांपैकी किती यशस्वी होताहेत? प्रमाण नेहमीचंच असेल, तर दुसऱ्या प्रतीने भार उचलला आहे आणि हातात वेळ आहे. मग प्रश्न येतो, नोड खरंच मेला, की फक्त त्याच्यापर्यंतची वाट बंद झाली? व्यवस्थापनाच्या वेगळ्या वाटेने त्यात शिरता येतंय का? नोड जिवंत असेल आणि तोही मुख्य म्हणून काम करत असेल, तर स्प्लिट ब्रेनची शक्यता, आणि मग एका बाजूला ताबडतोब बाजूला काढावं लागतं. तिसरा प्रश्न साधा, पण बहुतेक वेळा उत्तर त्यातच सापडतं: आज रात्री कुणी काय बदललं? देखभालीची कामं मध्यरात्रीनंतर करतात, कारण तेव्हा वापर कमी असतो. त्यामुळे मोठे बिघाडही बरेचदा त्याच वेळेला सुरू होतात.

आणि एक गोष्ट करायची नसते: घाईने रीस्टार्ट. घरी राउटर अडला की आपण बटण बंद-चालू करतो, म्हणून तो मोह फार नैसर्गिक आहे. पण मेमरीतला डेटाबेस बंद केला, की उठताना त्याला डिस्कवरची शेवटची प्रत वाचावी लागते, त्यापुढचे सगळे फेरफार लॉगमधून एकेक करून लावावे लागतात, आणि मगच जोडीदाराशी जुळवून घ्यावं लागतं. कोट्यवधी उतारे असतील, तर यात बराच वेळ जातो. शिवाय रीस्टार्टमध्ये कधीकधी तेच पुरावे पुसले जातात, ज्यांवरून नोड का पडला हे कळलं असतं. सगळ्यात भयंकर चूक म्हणजे गोंधळात चुकीच्या, म्हणजे चालू असलेल्या नोडला रीस्टार्ट करणं. म्हणून चांगल्या नॉकमध्ये आज्ञा टाइप करणारा एक, ती मोठ्याने वाचून पाहणारा दुसरा, आणि कुठल्या मिनिटाला काय केलं हे लिहीत जाणारा तिसरा, अशी कामं वाटलेली असतात. निर्णय एकाचाच असतो.

ही शिस्त कशासाठी, ते जपानच्या केडीडीआय कंपनीच्या गोष्टीतून दिसतं. २ जुलै २०२२ला पहाटे १ वाजून ३५ मिनिटांनी तिथे एका कोअर राउटरच्या बदलाचं ठरलेलं काम चालू असताना आवाजी कॉल्सचा मार्ग चुकला. इंजिनिअरांनी बदल मागे घेतला. कॉल्स पंधराएक मिनिटं अडले होते, इतकंच. इथेच गोष्ट संपायला हवी होती. पण जपानमधले ते फोन व्होल्टीवर, म्हणजे फोरजीवरून आवाजी कॉल करण्याच्या व्यवस्थेवर, दर ५० मिनिटांनी आपली हजेरी लावत होते. अडलेल्या वेळात ज्यांची हजेरी राहिली, ते सगळे फोन वाट मोकळी होताच एकदम पुढे सरसावले. कॉल हाताळणारे सर्व्हर त्या गर्दीने गुदमरले. त्यांना वेळेत उत्तर देता येईना, म्हणून फोन पुन्हा विचारायला लागले, आणि गर्दी आणखी वाढली. तो लोंढा ग्राहक डेटाबेसवर जाऊन आदळला. डेटाबेस आणि कॉल सर्व्हर यांच्या नोंदी एकमेकींशी जुळेनाशा झाल्या. तपासात शेवटी सापडलं, की अठरा कॉल सर्व्हरपैकी सहा जण डेटाबेसला नको त्या विनंत्यांचा मारा करत होते. ते बाजूला काढल्यावर गाडी रुळावर यायला लागली.

पंधरा मिनिटांच्या अडथळ्याचा बिघाड ६१ तास २५ मिनिटं चालला. सुरुवातीच्या अंदाजाप्रमाणे जास्तीत जास्त ३ कोटी ९१ लाख कनेक्शनना त्याची झळ लागली. पार्सल कुठवर आलं हे कळेना, काही एटीएम बंद, हवामान खात्याच्या निरीक्षण केंद्रांचे आकडे येईनात. कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष माकोतो ताकाहाशी यांनी ३ जुलैच्या पत्रकार परिषदेत हे सगळं तांत्रिक तपशिलासह स्वतः समजावून सांगितलं. माफी सगळेच मागतात. सर्वोच्च पदावरच्या माणसाने आपल्या जाळ्याची रचना लोकांना समजेल अशा भाषेत उलगडून सांगणं दुर्मिळ, आणि बिघाडानंतरचा तो सगळ्यात चांगला प्रतिसाद होता.

अमेरिकेत एटी अँड टीच्या जाळ्यात २२ फेब्रुवारी २०२४ला हेच घडलं. रात्रीच्या कामात एका उपकरणाची मांडणी चुकली आणि तीन मिनिटांत सगळं जाळं तुटलं. चूक सुमारे दोन तासांत मागे घेतली गेली, तरी सगळं सुरळीत व्हायला बारा तास लागले. पुन्हा कारण तेच: साडेबारा कोटी उपकरणं एकाच वेळी दारावर. त्यात ९ कोटींहून जास्त कॉल अडले. ९११ या आपत्कालीन क्रमांकावरचे २५ हजारांवर कॉलही त्यांत होते.

तेव्हा डेटाबेस बरा झाल्यावर दार सताड उघडायचं नसतं. आधी एका भागातल्या फोनना येऊ द्यायचं, यशाचं प्रमाण पाहायचं, मग दुसरा भाग. जादा विनंत्यांना वेळेत ‘नंतर ये’ असं सांगायचं, म्हणजे फोन थोडा थांबून पुन्हा प्रयत्न करतो. ताटकळत ठेवलं तर तो पुन्हा पुन्हा विचारत राहतो. थांबलेल्या ग्राहकाला हे दिसत नाही, त्याला फक्त उशीर दिसतो. नॉकमधल्या प्रमुखावर त्या वेळी जो दबाव असतो, तो स्टार्ट-अपला उभ्या असलेल्या प्लँट मॅनेजरच्या दबावासारखाच.

दुसरी एक अडचण कॅनडाच्या रॉजर्स कंपनीला ८ जुलै २०२२ला भोगावी लागली. त्यांचं सगळं जाळं एका अपग्रेडमध्ये कोसळलं, आणि दुरुस्ती करणाऱ्या इंजिनिअरांचे फोन, इंटरनेट, जाळ्यात शिरायची व्यवस्थापनाची वाटही त्याच जाळ्यावर होती. मूळ कारण सापडायलाच सुमारे चौदा तास गेले. तेव्हापासून नॉकच्या प्रमुखाच्या खिशात दुसऱ्या कंपनीचं सिम असावं, ही गोष्ट कुणाला किरकोळ वाटत नाही. आणि अलार्म वाजलाच नाही तर? ऑस्ट्रेलियात १८ सप्टेंबर २०२५ला ऑप्टसच्या एका फायरवॉल अपग्रेडमध्ये नेहमीचे कॉल लागत राहिले, पण तीन शून्यांचे आपत्कालीन कॉल लागेनात. एकही स्क्रीन लाल झाली नाही. ग्राहकांनी सांगेपर्यंत कित्येक तास गेले, आणि माणसं दगावली. स्क्रीनवरच्या हिरव्या रंगावर विसंबू नये, दर थोड्या वेळाने एक खरा कॉल लावून पाहावा, हे त्यातून पुढे आलं.

आपल्याकडे ५ फेब्रुवारी २०२२च्या दुपारी मुंबई सर्कलमध्ये जिओची सेवा काही तास ठप्प झाली. ग्राहकांच्या फोनवर ‘नेटवर्कवर नोंदणी नाही’ असा संदेश येत होता. संध्याकाळनंतर सेवा पूर्ववत झाली आणि कंपनीने ग्राहकांच्या प्लॅनला दोन दिवसांची मुदतवाढ दिली. परवान्याच्या हिशेबात मुंबई सर्कल म्हणजे मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण. खालापूर आणि कर्जत महाराष्ट्र सर्कलमध्ये. नोकरीला रोज पनवेल-वाशी गाठणाऱ्या रसायनीकराचा फोन ही हद्द दिवसातून दोनदा ओलांडतो. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२४च्या नियमांनी आता जिल्हा हा एकक धरला आहे. एखाद्या जिल्ह्यात सेवा चार तासांपेक्षा जास्त बंद राहिली, तर कंपनीने ट्रायला कळवायचं. २४ तासांपेक्षा जास्त राहिली, तर पोस्टपेडला भाड्यात सूट आणि प्रीपेडला मुदतवाढ. नियम चांगला आहे. पण हजेरीच्या वहीतला बिघाड जिल्ह्याची सीमा पाळत नाही, आणि पहिले चार तासच रुग्णवाहिकेची वाट पाहणाऱ्याला सगळ्यात जड जातात.

सगळं एकदम चालू करायचं नाही, ही शिस्त विजेच्या जाळ्यात कितीतरी जुनी आहे, आणि तिचे दोन जुने साक्षीदार खालापूर आणि कर्जत याच तालुक्यांत उभे आहेत. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी दहाच्या सुमारास कळवा आणि खारघरच्या बाजूच्या वाहिन्या ट्रिप होऊन मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. मोबाइल टॉवर बॅटरीवर आणि डेटा सेंटर डिझेल जनरेटरवर गेले. टाटा पॉवरने पुरवठा परत आणायला सुरुवात केली ती ट्रॉम्बे आणि आपल्या तीन जलविद्युत केंद्रांच्या जोरावर: खोपोली, कर्जतजवळचं भिवपुरी आणि भिरा. खोपोलीचं केंद्र १९१५ पासूनचं, भिवपुरीचं १९२२ पासूनचं. औष्णिक संचाला उठायला तासन्‌तास आणि बाहेरून वीज लागते. डोंगरावरच्या तलावाचं पाणी सोडलं, की जलविद्युत संच काही मिनिटांत फिरायला लागतो. पण फिरायला लागल्यावर त्याच्यावर सगळं शहर एकदम टाकत नाहीत. आधी रुग्णालयं आणि रेल्वेसारख्या अत्यावश्यक सेवांचे फीडर घेतात, फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्‌झवर स्थिरावली का ते पाहतात, आणि मगच पुढचा फीडर जोडतात.